खाणीतला गॅसचा स्फोट वेगळा अन् धुळीचा स्फोट वेगळा

भुसावळला दीपनगरच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या रेक बघतच आम्ही मोठे झालो, पण कुठल्या खाणीत स्फोट झाल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवर एकच वाक्य, "गॅसचा भडका उडाला असीन भो". बऱ्याचदा हे अर्धंच खरं असतं. ठिणगी गॅसने पकडलेली असते पण शेकडो माणसं मारते ती धूळ, आणि या दोघांचा उपाय एक नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी गॅस. मिथेन कोळशातच अडकलेला असतो, कोळसा फोडला की सुटतो. हवेपेक्षा हलका म्हणून छताला लागून थर धरतो, त्यामुळे कमरेच्या उंचीवर मीटर धरून काहीच कळत नाही, वर धरावा लागतो. हवेत साधारण 5 ते 15 टक्के असला तरच स्फोट होतो. इथे एक मोठी चूक लोक करतात, 15 च्या वर गेला म्हणजे धोका टळला असं समजतात, अहो तिथे ताजी हवा शिरली की त्याच गॅसचं प्रमाण कमी होत परत त्या 5 ते 15 च्या पट्ट्यात येतं! उपाय म्हणजे मोठे पंखे लावून गॅस पातळ करत राहायचा, आधीच बोअर मारून ओढून घ्यायचा, आणि आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 1.25 टक्क्याच्या वर गेला की लाईट तोडायची.

आता धूळ. तिला वास नाही, तिच्यासाठी मीटर किंचाळत नाही, खाली पडलेली असते तोवर कुणी लक्षही देत नाही. जळगावच्या दाल मिलमधे काम केलेल्याला हे लगेच कळेल, पत्र्याखालच्या अँगलवर बसलेली डाळीची बारीक पूड नुसती पडून आहे तोवर गप्प असते, पण ती हवेत उडाली अन् ठिणगी भेटली की तीच पेटते. कोळशाचं तसंच, आणि कागदाच्या जाडीएवढा थरसुद्धा पुरतो. होतं काय, कोपऱ्यात थोडासा गॅस पेटतो, त्याचा दणका पुढे पळतो आणि जमिनीवरची धूळ उठवतो, मागून ज्वाळा येते ती या धुळीला पेटवते, त्याचा दणका अजून पुढची धूळ उठवतो, असं करत आग स्वतःचं सरपण स्वतःच उधळत जाते. गॅसचा स्फोट गॅस संपला की थांबतो, हा जिथवर धूळ तिथवर जातो. वर कार्बन मोनॉक्साइड इतका होतो की भाजले नाहीत ते गुदमरून जातात.

10 मार्च 1906 ला फ्रान्समधल्या कुरिएर खाणीत 1,099 माणसं गेली ती धुळीच्याच स्फोटात. त्याआधी गॅस नसेल तर नुसत्या धुळीने एवढं होत नाही असं मानणारे इंजिनिअर बरेच होते. आपल्याकडे झारखंडमधल्या बोकारोकडची धोरी खाण, 1965, 268 जण. हे आकडे वाचताना मला अजूनही कसंतरी होतं.

मग पंखे वाढवले तर? गॅससाठी चांगलं, पण वेगाची हवा धूळ वाळवते आणि उडवते. धुळीचा खरा उपाय साधा आहे, पाणी मारा आणि चुनखडीची पूड पसरा. दणक्याने कोळशाची धूळ उठली की ही पूडही सोबत उठते, उष्णता ओढून घेते आणि ज्वाळा मरते. अमेरिकेत ब्रूस्टनला मुद्दाम प्रयोगासाठी खाण खणली, 1911 मधे लोकांसमोर स्फोट करून दाखवला, तिथल्या चाचण्यांवरून न जळणारा भाग किती हवा ते ठरत गेलं. ताज्या हवेच्या बोगद्यात 65 टक्के पुरेसे धरायचे. पण मशीनने कापलेल्या कोळशाची धूळ पूर्वीपेक्षा बारीक असते, म्हणजे जास्त घातक. 2010 ला अमेरिकेतल्याच अप्पर बिग ब्रँच खाणीत छोटासा गॅस पेटून धुळीवर गेला, 29 जण गेले, त्यानंतर तिथे सगळ्या बोगद्यांत 80 टक्के केलं.

एवढं करूनही आग पुढे सरकली तर म्हणून छताला चुनखडीची पूड ठेवलेल्या फळ्या किंवा पाण्याचे टब टांगतात, दणका पुढे अन् ज्वाळा मागे असल्याने टब आधी उलटतो.

माझा भाचा वणीकडे खाणीत आहे. तो म्हणतो, मामा, आम्ही भिंतीचा रंग बघतो, पांढरी भिंत करडी पडायला लागली की परत पूड मारायची.