घार पडली तर न्यायची कुठं?

संक्रांत होऊन महिना उलटला तरी गावातल्या निंबाच्या शेंड्याला मांजा लोंबतच असतो. ‘ओ काट’ करणारी पोरं केव्हाच शाळेच्या मागे लागलेली असतात. घारीचं घरटं मात्र ह्याच दिवसांत, अशाच झाडावर असतं, कारण हिवाळा हा तिचा विणीचा हंगाम. पंखात नायलॉन गुंतून ती खाली आली तर आज विदर्भात तिला न्यायला जागा आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला वन्यप्राणी बचाव केंद्र आहे, वर्ध्याजवळ पिपरी मेघेत जखमी प्राण्यांचा करुणाश्रम आहे. चाळीस वर्षांपूर्वी यातलं काहीही नव्हतं. मात्र तिथले पक्षी बघायला लोकांना दारातच अडवतात, आणि त्याची तक्रार होत असते.

तसं मुक्या जिवाला आसरा देणं आपल्याला नवं नाही. पांजरपोळ कितीतरी जुने. पण ते मुख्यतः गाई-बैलांचे. शिकारी पक्ष्याला मांस लागतं, आणि तिथंच दयेची गाडी अडते. दिल्लीत चांदणी चौकातल्या लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाचा पक्ष्यांचा दवाखाना आहे. देशभर नावाजलेला. तिथंही मांसाहारी पक्ष्यांना दाखल करून ठेवत नाहीत; मलमपट्टी करून परत पाठवतात. आमच्या खेड्यांत तर शिकरा म्हणजे कोंबडीची पिल्लं उचलणारा चोर. तो दिसला की पिल्लं डालग्याखाली. कीर्तनातल्या शिबी राजाच्या गोष्टीतही डोळे पाणावतात ते कबुतरासाठी. ‘मग मी उपाशी मरू का?’ हा ससाण्याचा सवाल रास्तच होता, पण त्याची बाजू घेणारा श्रोता मी पाहिलेला नाही. जटायूचं मात्र आपल्याला फार प्रेम. रावणानं पंख छाटलेला हा आपल्या परंपरेतला पहिला जखमी शिकारी पक्षी. त्याच्याही वाट्याला उपचार आले नाहीत. आले ते अंत्यसंस्कार.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या ३९व्या कलमानं वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरली, आणि असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत कळवणं बंधनकारक झालं. म्हणजे पडलेली घार कुणी कळवळ्यानं घरात पाळली तरी तो गुन्हा. कायदा योग्यच होता, पण वनरक्षकानं ती घार ताब्यात घेऊन न्यायची कुठं? तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांचा हात गाय, म्हैस, बकरीवर बसलेला. पुढचा पर्याय म्हणजे नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयातला पिंजरा.

अमेरिकेत गोष्टी वेगळ्या वाटेनं गेल्या. तिथं डीडीटी या कीटकनाशकामुळे गरुड-ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, पिल्लं निपजेनात. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि १९७४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शिकारी पक्ष्यांसाठी रॅप्टर सेंटर उभं राहिलं. तुटक्या पिसाच्या दांड्यात दुसरं पीस बसवण्याची कला ससाणे पाळणाऱ्यांकडे शतकांपासून होती. ती इथं डॉक्टरांच्या कामी आली. जो पक्षी पुन्हा उडू शकत नाही त्याला तिकडच्या केंद्रांत ठेवून घेतात आणि शाळेच्या पोरांना दाखवतात. हातमोज्यावर बसलेल्या घुबडाचे ते फोटो पाहूनच आपल्याकडचे लोक विचारतात, आपल्याला का नाही पाहू देत?

आपल्याकडे जाग आली ती गिधाडांमुळे. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात हाडं उरायची, हे सांगणारी माणसं अजून आहेत. मग नव्वदच्या दशकात आकाश रिकामं झालं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. रोगाची साथ असेल असा अंदाज होता. २००४ मध्ये खरं कारण पुढं आलं: डायक्लोफेनॅक, ढोरांच्या दुखण्यावरचं स्वस्त इंजेक्शन. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात येतच राहिलं. त्या बाटल्या ३ मिलिलिटरच्या करायला २०१५ उजाडलं. हरियाणात पिंजोरला गिधाडांची निगा घेणारं केंद्र २००१ मध्येच सुरू झालं होतं. पुढं तिथं प्रजनन सुरू झालं आणि केंद्राला जटायूचं नाव मिळालं. तिथली वीस गिधाडं २०२४ च्या जानेवारीत आपल्या पेंच आणि ताडोब्यात आली. पाठीवर जीपीएस लावून सोडल्यावर त्यातलं एक थेट तमिळनाडूपर्यंत गेलं. मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून एकेका पक्ष्यासाठी एवढा खटाटोप.

नायलॉन मांजाचा धडा त्यानंतरचा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तो अजूनही मिळतो, हे दर संक्रांतीला दिसतं. पंखाच्या पुढच्या कडेची ताणलेली कातडी आणि शिरा त्यानं चिरल्या की पक्षी जगतो, पण उडेलच असं नाही. विजेच्या तारा आहेत, गाड्या आहेत, आणि वावरातलं विष आहे. कपाशीवर मारायचं ‘मोनो’, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, आपल्याला चांगलं ठाऊक. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात याच औषधानं हजारो शिकारी पक्षी मेले, तेही टोळ खायला शेतात उतरलेले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसंच मेली, तिथं पाखरांची मोजदाद कोण ठेवणार?

आता या केंद्रांच्या दारावर लोकांना अडवतात त्याबद्दल. ट्रान्झिट म्हणजे मुक्काम नव्हे, वाटेतला थांबा. पक्षी बरा करून परत सोडायचा असतो, म्हणून त्याला माणसाची सवय लागू द्यायची नाही. शिवाय माणसं समोर आली की तो जाळीवर धडका घेतो आणि जेमतेम वाढलेली पिसं मोडून बसतो. पंख हवेत तोलून धरण्याइतपत उडवून पाहिल्याशिवाय त्याला सोडता येत नाही, त्यात आठवडे जातात. मला हा नियम पटतो. पोरांना प्राणी पाहायचे असतील तर गोरेवाड्याला २०२१ पासून प्राणिसंग्रहालय आहे, तिथं तिकीट काढून जावं.

तुमच्या वावरात एखादा पडला, तर त्याच्यावर जाड टॉवेल टाका आणि उचलताना आधी पाय धरा. चोचीपेक्षा नख्या वाईट. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पोळी तर नाहीच. वन विभागाला १९२६ वर फोन लावा. आणि तो कोणत्या झाडाखाली, कोणत्या खांबाजवळ सापडला ते नीट सांगा, कारण बरा झाला की त्याला शक्यतो तिथंच सोडतात.