33 हरले, 27 जिंकले

10 जून 2022. महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागा, उमेदवार सात. पहिल्या पसंतीची मतं मोजली तेव्हा शिवसेनेच्या संजय पवारांकडे 33 होती आणि भाजपच्या धनंजय महाडिकांकडे 27. निवडून आले महाडिक. घोडेबाजाराची चर्चा पुष्कळ झाली, गणिताची फारशी नाही. मला गणितच जास्त रंजक वाटतं.

विधानसभेच्या निवडणुकीत आपण एकाच नावापुढचं बटण दाबतो. राज्यसभेसाठी आमदार मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितात. मोजताना प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात. का, ते पुढे कळेल.

सभागृहात 288 जागा. एक रिक्त होती, तुरुंगातल्या दोन आमदारांना मतदानाची परवानगी मिळाली नाही आणि एक मत बाद झालं. उरली 284, म्हणजे 28400 मूल्य. त्याला सातने भागायचं (जागा अधिक एक), अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा: 4058. हा कोटा. सातने का? कारण सात जणांनी कोटा गाठायचा तर 28406 लागतील, आणि आहेत 28400. म्हणजे सहाच जण गाठू शकतात, सातवा नाही. हेन्री ड्रूप या इंग्रज वकिलाने 1868 मध्ये सुचवलेली ही युक्ती.

आता गंमत. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं, म्हणजे 4800. कोट्यापेक्षा 742 जास्त. हे जास्तीचं वाया जात नाही, त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. कोणत्या पत्रिका जास्तीच्या, हे कसं ठरवायचं? ठरवतच नाहीत. अठ्ठेचाळीसही पत्रिका पुढे जातात, पण प्रत्येकीचं मूल्य साधारण 15. एका मताचे शंभर तुकडे करायचे ते यासाठी. त्या सरकलेल्या मूल्यावर महाडिकांचे 2700 कोट्याच्या वर गेले.

खरं तर एवढं मोजायचीही गरज नव्हती. भाजपच्या तिघांची मिळून 123 मतं, मूल्य 12300. तीन कोट्यांना 12174 पुरतात. महाविकास आघाडीच्या चौघांची 161, मूल्य 16100. चार कोट्यांना 16232 लागतात. दीड मतही कमी पडलं नाही, 1.32 पडलं.

मग ती बाद आणि तुरुंगातली, अशी तिन्ही मतं आघाडीला मिळाली असती तर? मतं 287, कोटा 4101. आघाडीकडे 16400, हवेत 16404. भाजपकडे 12300, हवेत 12303. दोन्ही बाजू एका मताच्या तीन-चार शतांशांवर अडकल्या असत्या.