क्लोजर आणि सेटअप मॅन: आठवी इनिंग, नववी इनिंग आणि मधली गंमत

बेसबॉलमधला पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) मारियानो रिवेरा याची दोन वर्षांची आकडेवारी शेजारीशेजारी ठेवून बघा. १९९६: न्यूयॉर्क यांकीजसाठी जवळपास १०८ इनिंग्ज, १३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) फक्त ५. १९९७: जेमतेम ७२ इनिंग्ज, ६८ स्ट्राइकआउट, सेव्ह ४३. नुसता सेव्हचा रकाना वाचणाऱ्याला वाटेल की १९९७ साली या पनामाच्या पोराला अचानक सूर गवसला. प्रत्यक्षात त्याचं काम एक तृतीयांशाने कमी झालं होतं. १९९६ मध्ये तो सेटअप मॅन (शेवटच्या पिचरच्या आधी येणारा) होता, १९९७ मध्ये क्लोजर (सामना संपवणारा) झाला, एवढंच.

बेसबॉलचा सामना नऊ इनिंग्जचा. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा इनिंग्ज टाकून दमला की बुलपेनमधून (राखीव पिचर तयारी करतात ती जागा) रिलिव्हर, म्हणजे बदली पिचर, येऊ लागतात. क्रिकेटमध्ये बुमराहला नव्या चेंडूवर दोन षटकं देऊन शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवता येतं. इथे तशी सोय नाही, एकदा मैदान सोडलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून कोणाला कधी वापरायचं हा मॅनेजरच्या (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या) डोक्याला कायमचा ताप. साधारण रिवाज असा की आघाडी असेल तर आठवी इनिंग सेटअप मॅनची आणि नववी क्लोजरची. १९९६ च्या यांकीजमध्ये सातवी-आठवी रिवेरा टाकायचा आणि नववीला जॉन वेटलँड यायचा. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत वेटलँडने ४ सेव्ह घेतले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मग तो टेक्सासला गेला आणि रिकामी झालेली नववी इनिंग रिवेराकडे आली.

म्हणजे सेटअप मॅन आणि क्लोजर या दोघांच्या हातात फरक असायलाच हवा असं काही नाही. फरक पडतो तो हिशेबात. जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडापत्रकाराने रिलिव्हरची कामगिरी मोजायला सेव्हची कल्पना काढली, आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. अट अशी: सामना तुम्हीच संपवायचा, संघ जिंकायला हवा, आणि विजयी पिचर म्हणून तुमची नोंद झालेली नसावी. सर्वात नेहमीचा प्रकार म्हणजे तीन किंवा त्याहून कमी धावांच्या आघाडीवर येऊन किमान एक इनिंग टाकायची. यात एक मजा आहे. तीन धावांच्या आघाडीवर आलात, दोन धावा दिल्यात, तरी सेव्ह तुमचाच. याउलट आठव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी आणि समोर प्रतिस्पर्ध्यांचे सर्वात खतरनाक तीन फलंदाज, अशा वेळी तिघांनाही बाद करणाऱ्याच्या नावावर सेव्ह लागत नाही. त्याला मिळतो होल्ड (आघाडी टिकवून पुढच्या पिचरकडे सोपवल्याची नोंद), ज्याची व्याख्या आजही खेळाच्या नियमपुस्तकात नाही.

खरा सापळा मात्र ब्लोन सेव्हच्या रकान्यात आहे. सेटअप मॅनने आठव्या इनिंगमध्ये आघाडी घालवली की त्याच्या नावावर ब्लोन सेव्ह लागतो. पण टिकवली असती तर सेव्ह मिळाला असता का? नाही, होल्ड. एखाद्या सेटअप मॅनपुढे ‘सेव्ह २, ब्लोन सेव्ह ५’ असं दिसलं की लोक लगेच म्हणतात, दबावाखाली याचे हात थरथरतात. त्याच वर्षी त्याने २५ होल्ड घेतलेले असू शकतात, ते कोणी बघत नाही.

क्लोजर नेमका एकाच इनिंगसाठी राखायची पद्धत रुळली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, ओकलंडला टोनी ला रुसा मॅनेजर असताना. आधी वर्षानुवर्षं सुरुवातीचा पिचर असलेला डेनिस एकर्सली तिथे क्लोजर झाला आणि १९९२ मध्ये त्याने साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही पुरस्कार पटकावले.

पैसाही सेव्हच्या रकान्यामागे धावतो. डेलिन बेटान्सेस हा यांकीजचा सेटअप मॅन २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षं ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) होता आणि प्रत्येक वर्षी त्याचे सव्वाशेहून अधिक स्ट्राइकआउट होते. २०१७ साली त्याने ५० लाख डॉलर पगार मागितला. संघाचं म्हणणं ३० लाख. प्रकरण लवादाकडे गेलं, संघाचा मुद्दा असा की हा क्लोजर नाही, मग क्लोजरचा भाव कशाला. निकाल संघाच्या बाजूने लागला. मला हा युक्तिवाद कायद्याने बरोबर आणि खेळाच्या दृष्टीने हास्यास्पद वाटतो.

सेव्हच्या मोहाने मॅनेजरही फसतात. ४ ऑक्टोबर २०१६, टोरंटो, हरला तो घरी असा सामना. बाल्टिमोरचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या हंगामात ४७ पैकी ४७ सेव्ह घेऊन बसलेला. २-२ अशी बरोबरी, पाहुण्या संघाला आघाडी नाही, म्हणजे सेव्हची संधीही नाही. मॅनेजर बक शोवॉल्टर त्याला आघाडीसाठी राखत राहिले. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोरचा हंगाम संपला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नव्हता.

त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे टेरी फ्रँकोना उलट वागत होते. यांकीजकडे क्लोजर राहिलेला अँड्र्यू मिलर त्यांच्या हाताशी होता, पण नववी इनिंग त्यांनी कोडी ॲलनकडेच ठेवली आणि सामना जिथे अडेल तिथे मिलरला आणलं, कधी सातवीत, कधी पाचवीतच. टोरंटोविरुद्धच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत तिसऱ्या सामन्याला तर सुरुवातीचा पिचर ट्रेव्हर बॉवर पहिल्याच इनिंगमध्ये बाद झाल्यासारखा बाहेर गेला. घरी ड्रोन दुरुस्त करताना कापलेलं बोट मैदानावर भळभळू लागलं होतं. सगळा सामना बुलपेनने रेटला. त्या दिवशी ॲलन आधी आला आणि शेवट मिलरने केला. संपूर्ण मालिकेत मिलरचे स्ट्राइकआउट १४, दिलेल्या धावा शून्य, सेव्ह एक. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड त्याचीच झाली.