उतारावरची आग किती वेगानं धावते?

पेटलेली काडी टोक वर करून धरली तर ज्योत सावकाश खाली सरकते. टोक खाली केलं, की बघता बघता बोटाला चटका बसतो. काडी तीच, पण आता ज्योत वरच्या कोऱ्या लाकडाला आधीच शेकत असते. वणवा डोंगर चढतो तेव्हा हेच होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री सह्याद्रीच्या अंगावर लाल रेघ वर सरकताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

5 ऑगस्ट 1949. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली मॅन गल्च नावाची घळ. विमानातून उड्या टाकून उतरलेले अग्निशामक जवान गवताळ चढावरून जीव घेऊन पळत होते आणि आग मागून चढत होती. 13 जण गेले. तरणीताठी, कसलेली मुलं होती ती. आगीनं त्यांना गाठलं कसं?

याचं गणित रिचर्ड रॉदरमेल यांनी 1972 मध्ये मांडलं. मुळात ते विमान-अभियंते. मोंटानातल्याच मिझुला इथल्या प्रयोगशाळेत कृत्रिम वाऱ्यात काटक्यांचे थर पेटवून ते आगीचा वेग मोजत. त्यांचं समीकरण म्हणजे एक अपूर्णांक आहे: वर, पुढच्या गवतापर्यंत पोचणारी उष्णता, खाली, ते गवत पेटायला लागणारी उष्णता. वारा आणि चढ वरचा आकडा फुगवतात, ओलावा खालचा. कारण पेटण्याआधी गवतातलं पाणी उडावं लागतं. बारीक वाळकं गवत तासाभरात हवेइतकं कोरडं होतं, जाड ओंडक्याला महिन्याहून जास्त लागतो. सकाळी रेंगाळणारा वणवा दुपारी सुसाट सुटतो तो यामुळे.

संगणक हे गणित नकाशावर पसरवतो. त्यासाठी वापरलेली युक्ती मला फार देखणी वाटते. डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सनं सतराव्या शतकात प्रकाशलहरींसाठी ती सुचवली होती. आगीच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे नवी ठिणगी मानायची, तिच्याभोवती वाऱ्याच्या दिशेनं लांबट वर्तुळ काढायचं. सगळ्या वर्तुळांची बाहेरची कड म्हणजे काही मिनिटांनंतरची आग.

निखारे मात्र ही कड पाळत नाहीत. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात वाऱ्यावर उडालेल्या निखाऱ्यांनी मुख्य आगीच्या कितीतरी पुढे घरं पेटवली. त्या वणव्यात 85 माणसं गेली. म्हणून वारा थोडा थोडा बदलून तेच गणित शेकडो वेळा चालवतात आणि कुठलं गाव किती वेळा आगीत सापडतं ते पाहतात.

रॉदरमेल 1993 मध्ये मॅन गल्चच्या प्रश्नाकडे वळले. ही शर्यत धावून जिंकता येण्यासारखी नव्हतीच, असं त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. जवानांचा म्होरक्या वॅग्नर डॉज वाचला तो वेगळ्याच कारणानं. त्यानं काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या तापल्या राखेत पालथा पडून राहिला. इतरांना त्यानं हाका मारल्या, पण ते पुढे धावत गेले. आपल्याकडे उन्हाळ्याआधी वनरक्षक जाळरेषा, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे काढतात, त्याही याच हिशेबानं. जळायला काही उरलंच नाही, तर समीकरणातला वेग शून्य होतो.