पहिल्या पिढीतील महाविद्यालयीन विद्यार्थी (महाराष्ट्र)

आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणीही कॉलेजची पायरी चढलेले नसताना पदवीसाठी प्रवेश घेणारा घरातला पहिला मुलगा किंवा मुलगी. बोलण्यात ‘घरातली पहिलीच शिकणारी’ किंवा ‘आमच्यात कुणी शिकलेलं नाही’ असा उल्लेख होतो. शेतमजूर, कोरडवाहू शेतकरी, ऊसतोड कामगार, भटके-विमुक्त, दलित, आदिवासी आणि शहरांतील कष्टकरी वस्त्यांत असे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. गरिबी हा या प्रश्नाचा एक भाग आहे. पण फीची सोय झाल्यावरही एक अडचण उरते आणि तीच अधिक खोल आहे: विचारायला घरात कोणी नसते.

वसतिगृहांचा वारसा

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मांडले होते की, शेतकऱ्याच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. पुढच्या पिढीतील सुधारकांनी शाळांइतकाच भर वसतिगृहांवर दिला. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगे उभी केली. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेने श्रम करून पदवी मिळवण्याची वाट तयार केली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय काढले.

या वसतिगृहांनी ताट आणि छप्पर दिले हे सर्वज्ञात आहे. त्यांची त्याहून मोठी देणगी होती शेजारच्या खोलीतला दोन वर्षे पुढे असलेला मुलगा. अर्ज कुठे मिळतो, कोणते पुस्तक घ्यायचे, नापास झाल्यावर काय करायचे, हे सगळे त्याच्याकडून कळत असे.

कागदांची लढाई

सुशिक्षित घरात एक जाड फाईल असते आणि वडील तिच्यातून दाखले काढून देतात. पहिल्या विद्यार्थ्याला ही फाईल स्वतःच तयार करावी लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी, मग सेतू केंद्र, मग तहसील. अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), आधारला जोडलेले बँक खाते. त्यात वडिलांचे नाव आधारवर ‘बाळू’, सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब’ आणि रेशनकार्डावर ‘बाळकृष्ण’ असले, तर प्रतिज्ञापत्राची आणखी एक फेरी.

सर्वांत अवघड कागद म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांतील राखीव जागेसाठी लागणारे जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी पूर्वजांची जात आणि वास्तव्य मानीव दिनांकापूर्वीच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीच्या, पुराव्याने दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. पण आजोबा शाळेतच गेले नाहीत, म्हणून तर ही मुलगी घरात पहिली आहे. ज्या वंचनेमुळे सवलत मिळाली, तिच्यामुळेच पुरावा मिळत नाही, ही या व्यवस्थेतील फार मोठी उणीव आहे.

मग शोध सुरू होतो तहसीलच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ चा, म्हणजे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींचा. कापडात बांधलेले गठ्ठे सुटतात, पाने हात लावताच कडेने तुटतात, अक्षर बहुतेक वेळा मोडी असते आणि ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. पणजोबांच्या नावापुढे जातीचा शब्द असलेली एक ओळ सापडली की तिची प्रमाणित नक्कल मिळते. भटक्या जमातींच्या कुटुंबांना तर ‘कोणत्या गावचे कोतवाल बुक?’ इथेच अडायला होते.

साईड, भाषा, घर

दहावीनंतर ‘कोणती साईड घ्यायची’ याचे उत्तर बहुधा गावात नोकरी लागलेल्या एखाद्याकडे पाहून ठरते. त्यामुळेच एके काळी डी.एड.कडे मोठा ओढा होता. २०१० नंतर शिक्षक भरती बराच काळ रखडली आणि हातात पदविका असलेली हजारो मुले शेतावर परतली.

विज्ञान शाखेत माध्यम एकदम बदलते. कालपर्यंतचे ‘आम्ल’ आज ‘ॲसिड’ होते, ‘वेग’ ‘व्हेलॉसिटी’ होतो. विषय समजलेला असतो, शब्द सापडत नाही. आणि तोंडी परीक्षेत गप्प राहिलेल्या मुलाला काही येत नाही असे धरले जाते.

घरची नाळ मात्र तुटत नाही. अनेक गावांतून सकाळच्या एसटीने शहरात शिकणाऱ्या मुलांचे डबे निघतात. कापडी पिशवीवर नाव लिहिलेले, भाकरी अजून कोमट. उलट दिशेने घरचे सगळे कागद मुलाकडे येतात: पीक विम्याचा अर्ज, बँकेची नोटीस, आजीच्या औषधाची चिठ्ठी. परीक्षेच्या आठवड्यातही हे फोन थांबत नाहीत, कारण घरात वाचणारा तोच. मुलींना याखेरीज ‘यंदा स्थळ चांगलं आलंय’ या वाक्याशी दरवर्षी झुंजावे लागते.

शासकीय योजना

तामिळनाडूत कुटुंबातील पहिल्या पदवीधराला तसा दाखला मिळतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमात फीची सवलत मिळते. महाराष्ट्रात सवलती मुख्यतः जात आणि उत्पन्न यांवर ठरतात. स्वाधार योजना आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांतून राहण्याजेवणाला मदत मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात. रक्कम खात्यावर उशिरा पडली की मेसचे बिल थकते, आणि शिक्षण सुटण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते.

पाठची भावंडे

जात वैधतेच्या प्रकरणात रक्तनात्यातील व्यक्तीचे वैधता प्रमाणपत्र महत्त्वाचा पुरावा मानला जातो. त्यामुळे थोरल्या बहिणीला ते एकदा मिळाले की धाकट्याच्या, चुलत भावंडांच्या अर्जाला तिच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली जाते. कोतवाल बुकाची ती नक्कलही लॅमिनेट करून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असते, आणि भावकीतले कोणी बारावी झाले की सगळे तिलाच फोन लावतात.