अखर्चित शिक्षण निधी (महाराष्ट्र)

शाळांसाठी मंजूर होऊन जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या हाती आलेली, पण मुदतीत खर्च न झालेली अनुदानाची रक्कम म्हणजे अखर्चित शिक्षण निधी. कार्यालयीन बोलीत ती ‘शिल्लक’. मुदत टळून ती शासनाकडे परत गेली, की निधी ‘समर्पित’ झाला असे म्हणतात.

महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण भागातले प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. त्यांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे शिक्षकांच्या पगारापासून खडूपर्यंत बहुतेक पैसा वरूनच येतो. केंद्राकडून येणाऱ्या पैशाची मुख्य वाट म्हणजे 2018 साली सुरू झालेली ‘समग्र शिक्षा’ योजना. सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान तिच्यात विलीन झाले. खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. पैसा मुंबईतल्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत जिल्हा, तालुका आणि शाळा असा खाली उतरतो.

निधी का उरतो, याचे उत्तर बरेचसे दिनदर्शिकेत सापडते. सरकारी वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, शाळा जूनमध्ये. शाळेला पैशाची खरी निकड पावसाळ्यात असते: छत गळते, भिंतीला ओल येते, शौचालयाचे दार सडते. मंजुऱ्या आणि हप्ते मात्र सावकाश येतात आणि मोठी रक्कम अनेकदा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पोचते. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षेतून संयुक्त शाळा अनुदानाचे, म्हणजे वर्षभराच्या देखभाल-खर्चाचे, 25,000 रुपये मंजूर होऊ शकतात आणि त्यांतले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चावे लागतात. हे पैसे मार्चमध्ये आले, तर मुख्याध्यापकाला दरपत्रके मागवणे, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, खरेदी आणि बिल हे सगळे परीक्षांच्या धामधुमीत आठ-दहा दिवसांत उरकावे लागते. मग जे पटकन मिळते तेच घेतले जाते. छताची दुरुस्ती आठ दिवसांत होत नाही, सतरंज्या मात्र येतात. जुलैत मुले कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेली असतात, आणि हिशेबात अनुदान पूर्ण खर्ची पडलेले असते. रक्कम परत जाण्याइतकेच हेही नुकसान आहे, पण शिल्लक निधीच्या कोणत्याही तक्त्यात ते दिसत नाही.

वर्गखोल्यांच्या बांधकामाची गोष्ट आणखी लांबते. जागेचा वाद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश यांतला एक कागद अडला तरी वर्ष निघून जाते. राज्याच्या योजनांचा निधी खर्चायला जिल्हा परिषदेला मिळालेल्या वर्षाला जोडून पुढचे एक वर्षही मिळते. तरी कामे रेंगाळतात. रिक्त पदांमुळेही पैसा पडून राहतो. प्रशिक्षण घ्यायला माणूसच नसेल, तर त्याची तरतूद खर्च होणार कशी?

दुसरी बाजू मागणीची. पुढचा हप्ता मागताना आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ती ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते सादर व्हायला हवे. इथे ‘खर्च’ या शब्दाचा अर्थ पायरीगणिक बदलतो. राज्याने जिल्ह्याला रक्कम दिली, की राज्याच्या लेखी ती गेली. शाळेच्या खात्यात मात्र ती तशीच असू शकते. आगाऊ दिलेली रक्कम खर्च म्हणून दाखवणे, प्रमाणपत्रे थकणे, खात्यांत शिल्लक साचणे हे आक्षेप नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा आलेले आहेत. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षणातील आक्षेपांची तपासणी विधिमंडळाची पंचायत राज समिती करते.

शिल्लक साचू नये म्हणून 1 जुलै 2021 पासून केंद्रपुरस्कृत योजनांना ‘एकल नोडल खाते’ पद्धत लागू झाली. या पद्धतीत योजनेचा पैसा राज्यात एकाच खात्यात राहतो आणि खालच्या यंत्रणांना शून्य शिलकीच्या खात्यांवर खर्चाची मर्यादा दिली जाते. कोणत्या बँकेत किती पडून आहे, हे आता कळते, आणि हा बदल चांगलाच म्हणायला हवा. मर्यादा कधी मिळणार, हा शाळेचा जुना प्रश्न मात्र त्याने सुटलेला नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेच्या रोकडवहीतल्या दोन तारखा या सदस्यांनी आवर्जून पाहाव्यात: रक्कम वापरायला मिळाल्याची आणि बिल दिल्याची. त्या दोन्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या असल्या, तर शाळेला नको असलेली खरेदी का झाली हे त्याच पानावर दिसते.