फोटोतलं विमान कोणतं? रंगवलेल्या खुणांची पार्श्वभूमी

जुन्या अल्बममधल्या विमानाच्या फोटोत घरचा माणूस हमखास त्याच्या नंबरासमोर उभा असतो. एक हात पंखावर टेकवलेला, उन्हाने डोळे बारीक झालेले आणि खांद्यामागून एखाद-दोन अक्षरं डोकावणारी. मग घरात प्रश्न निघतो, हे विमान कोणतं? बहुतेक जण आधी आकार न्याहाळतात. माझं म्हणणं, आधी अंगावर रंगवलेलं वाचा. ते रंगवलंच मुळी लांबून ओळख पटावी म्हणून.

याची सुरुवात एका जीवघेण्या गोंधळातून झाली. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिशांनी आपल्या विमानांच्या पंखांवर युनियन जॅक हा आपला झेंडा रंगवला. खालून पाहणाऱ्याला त्यातली फुली तेवढी दिसायची आणि जर्मन विमानांवर तर क्रॉसच होता. आपल्याच सैनिकांच्या गोळ्या आपल्याच विमानांवर येऊ लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिशांनी फ्रेंचांची एकात एक रंगीत वर्तुळं उचलली, फक्त रंग उलटे केले. फ्रेंच वर्तुळात मध्यभागी निळा, ब्रिटिश वर्तुळात लाल.

युद्धानंतर नागरी विमानांचा प्रश्न आला. १९१९ च्या पॅरिस करारात ठरलं की प्रत्येक विमानावर देशाचं अक्षर आणि नोंदणीची अक्षरं मोठ्या आकारात हवीत. वरच्या पंखाच्या वर, खालच्या पंखाच्या खाली आणि धडाच्या दोन्ही बाजूंना. शेपटीवर देशाचं अक्षर वेगळं. म्हणून माणसाने धडावरची सगळी अक्षरं झाकली असली, तरी फोटोच्या कडेला शेपटीचा तुकडा आलाय का ते पाहावं. ब्रिटिश नोंदणी १९१९ मध्ये जी-ई पासून सुरू झाली आणि १९२८ मध्ये ती मालिका संपल्यावर जी-ए आली. जर्मनीत १९३४ पर्यंत डी च्या पुढे आकडे असत, नंतर अक्षरं आली. म्हणजे पूर्ण नोंदणी मिळाली नाही, तरी पहिल्या दोन खुणांवरून काळ बराच आवळता येतो.

लष्करी विमानांत काळाचा सगळ्यात नेमका पुरावा देतो तो अमेरिकी तारा. सुरुवातीला निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि मधोमध लाल ठिपका होता. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ लागल्यावर मे १९४२ मध्ये ठिपका काढला. जून १९४३ मध्ये दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या जोडल्या आणि सगळ्याला लाल किनार दिली. पुन्हा तोच घोटाळा, म्हणून वर्ष संपायच्या आत किनार निळी झाली. १९४७ मध्ये पट्ट्यांच्या मधून लाल रेघ आली. इतक्या वेळा बदललेली खूण फोटोत सापडणं हे भाग्यच. अमेरिकी लष्कराच्या विमानांच्या शेपटीवरचा आकडाही वाचण्याजोगा असतो. तो २ ने सुरू होत असेल, तर ते विमान बहुधा १९४२ च्या आर्थिक वर्षात मागवलेलं असतं. वर्षाचा शेवटचा अंक तेवढा ठेवण्याची ती पद्धत होती.

इथे एक फसगत मात्र होते. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल काळपट उठतो, निळा फिकट पडतो आणि पिवळाही गडद दिसतो. त्यामुळे ब्रिटिश वर्तुळाचा मधला भाग काळा आणि बाहेरची निळी कडा पांढुरकी दिसली, तर दचकू नये. शिकाऊ वैमानिकांची विमानं अनेकदा पिवळी असत. फोटोत ती करड्या-काळ्या रंगाची वाटतात आणि घरचे त्यांना लढाऊ ठरवून मोकळे होतात.

आकारावरून ओळखण्याचं रीतसर शास्त्र दुसऱ्या महायुद्धात घडलं. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले असताना, चुकीच्या इशाऱ्यावरून उडालेल्या ब्रिटिश स्पिटफायर लढाऊ विमानांनी आपलीच दोन हरिकेन लढाऊ विमानं पाडली. एक वैमानिक गेला. पुढे काळ्या छायाकृतींचे तक्ते सर्वत्र लागले आणि अमेरिकेत शाळकरी मुलांनी मूळ विमानाच्या ७२ पट लहान लाकडी प्रतिकृती लाखोंनी बनवल्या. शिकवण्याचा क्रम होता पंख, इंजिन, धड, शेपूट. घरच्या फोटोसाठी आजही यापेक्षा चांगला क्रम मला माहीत नाही.

जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ यांचंच पाहा. दोन्ही दुपंखी, म्हणजे एकावर एक पंखांची, दोन्ही दोन माणसांची, आणि अल्बममध्ये एकमेकांच्या नावाने राहतात. जिप्सी मॉथचं इंजिन उभं, त्यामुळे नाकाच्या वर सिलिंडरची डोकी दिसतात. १९३१ च्या टायगर मॉथमध्ये इंजिन उलटं बसवलेलं, त्यामुळे नाक वरून साफ आणि पुढे उतरतं. पंख मागे झुकलेले, त्याचंही कारण आहे. जिप्सी मॉथमध्ये पुढची बैठक वरचा पंख पेलणाऱ्या दांड्यांमध्ये अडकलेली होती, पॅराशूट बांधलेल्या माणसाला घाईत बाहेर पडता येईना. म्हणून टायगर मॉथमध्ये दांडे पुढे सरकवले आणि तोल राखायला पंख मागे झुकवले. फोटोतला माणूस पुढच्या कॉकपिटमध्ये बसलेला असेल, तर त्याच्या डोक्याभोवती पाहा. दांडे त्याच्या दोन्ही अंगांना असतील तर जिप्सी मॉथ, त्याच्या पुढ्यात असतील तर टायगर मॉथ.